सिकलसेल आपल्याच भागात इतका का? जनुके, मलेरिया आणि सोयरिकीची गोष्ट

“डॉक्टर, आमच्या दोन्ही घरांत हा आजार कोणालाच नव्हता. मग आमच्याच लेकराला कुठून आला?”

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डॉक्टरने हा प्रश्न ऐकलेला असतो. सिकलसेलचा रिपोर्ट हातात पडला की आधी धक्का बसतो. मग घरात चर्चा सुरू होते आणि थोड्याच दिवसांत बोट कोणाकडे तरी वळते. बहुतेक वेळा ते सुनेच्या माहेराकडे वळते. काही जण “आमच्या जातीलाच शाप आहे” असेही म्हणतात.

यातले काहीच खरे नाही. सिकलसेल आपल्या भागात जास्त का आढळतो, याचे उत्तर हजारो वर्षांच्या इतिहासात आहे. शास्त्रज्ञ त्याला उत्क्रांती म्हणतात. हे उत्तर नीट समजले, तर घरातली भांडणे टळतात आणि पुढच्या पिढीसाठी योग्य निर्णय घेता येतो.

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ

रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. तांबडी पेशी साधारणपणे गोल आणि लवचिक असते, त्यामुळे ती केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही सहज जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन वेगळे असते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. आपल्याकडे विळ्याला इळा म्हणतात, तोच हा आकार. अशा पेशी रक्तवाहिनीत अडकतात आणि लवकर फुटतात. अडकल्या की असह्य वेदना होतात, फुटल्या की रक्त कमी होते.

हिमोग्लोबिनसाठीचे हे जनुक आपल्याला दोन प्रतींमध्ये मिळते. एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यावरून रिपोर्टमध्ये तीन प्रकार दिसतात:

- एए: दोन्ही प्रती सामान्य. आजार नाही, वाहकही नाही.
- एएस: एक प्रत सामान्य, एक सिकल. ही व्यक्ती वाहक. ती सहसा पूर्ण निरोगी असते आणि तिला औषधाची गरज नसते.
- एसएस: दोन्ही प्रती सिकल. ही व्यक्ती रुग्ण.

आता वरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आई-वडील दोघेही एएस असतील तर दोघांनाही काही त्रास नसतो, आजी-आजोबांनाही नसतो. तरीही बाळ एसएस होऊ शकते. आजार घरात नव्हता, पण जनुक होते.

उरलेला प्रश्न असा की हे जनुक आपल्याच भागात इतके का? त्यामागे पाच कारणे आहेत.

पहिले कारण: जनुकात झालेला एक छोटा बदल

जनुक म्हणजे शरीराने वाचायची सूचना. पिढीमागून पिढी ही सूचना नकलून पुढे दिली जाते आणि नक्कल करताना कधीतरी एखादे अक्षर चुकते. केसपेपरवर ‘डोके’ लिहायच्या जागी ‘डोळे’ लिहिले गेले, तर एकाच अक्षराने सगळा उपचार बदलेल. सिकलसेलमध्ये तसेच घडले आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात. त्यातला फक्त सहावा मणी बदलला आहे. व्हर्नन इनग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हे दाखवून दिले.

असा बदल आपोआप, योगायोगाने होतो. तो कोणाच्या वागण्याने, खाण्यापिण्याने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांमध्ये असे अनेक छोटे बदल असतात. बहुतेकांचा आपल्याला कधी पत्ताही लागत नाही.

दुसरे कारण: मलेरिया आणि नैसर्गिक निवड

बदल योगायोगाने झाला, पण तो टिकला आणि पसरला तो मलेरियामुळे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: मलेरियाने हा बदल घडवला नाही. आधीच झालेल्या बदलाला त्याने फक्त फायदा मिळवून दिला.

ब्रिटिश डॉक्टर अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये दाखवले की एएस वाहकांना मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. केनियातील नंतरच्या अभ्यासांत वाहक मुलांना गंभीर मलेरिया होण्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला.

आता शंभर-दीडशे पिढ्यांपूर्वीचे जंगलातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. कुनैन नाही, मच्छरदाणी नाही, दवाखाना नाही. दर पावसाळ्यानंतर लहान मुले तापाने दगावतात. त्या गावात एए मुले मलेरियाने जास्त मरत. एसएस मुले सिकलसेलने मरत. एएस मुले दोन्हींतून वाचत, मोठी होत आणि त्यांना मुलेबाळे होत. त्यामुळे सिकलचे जनुक नष्ट झाले नाही, उलट वाढत गेले. निसर्गाची ही गाळणी म्हणजेच नैसर्गिक निवड.

म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काही भाग आणि मध्य भारत, म्हणजे जिथे मलेरियाचा जोर होता तिथेच सिकलसेल जास्त दिसतो. विदर्भातील जंगलपट्टा आणि उत्तरेकडील नंदुरबारचा सातपुडा हे याच नकाशात बसतात.

वाहकांसाठी एक सूचना: हे संरक्षण गंभीर मलेरियापासून आहे, ते पूर्ण नाही. एसएस रुग्णाला तर मलेरिया फार धोकादायक ठरतो. गडचिरोलीत आजही मलेरिया मोठ्या प्रमाणावर आढळतो. मच्छरदाणी सगळ्यांनीच वापरायची आहे.

तिसरे कारण: लहान वस्त्या आणि नशिबाचा भाग

मलेरिया तर अनेक गावांत होता. मग शेजारी राहणाऱ्या दोन समाजांत सिकलसेलचे प्रमाण इतके वेगळे का? आपल्या देशात काही समाजांत वाहक जवळजवळ नाहीत, तर काही समाजांत शंभरात ३० ते ३५ पर्यंत आढळले आहेत.

याचे एक कारण निव्वळ योगायोग आहे. समजा, वीस कुटुंबे मूळ गाव सोडून नव्या ठिकाणी वसली. त्यांत एकच वाहक असेल, तर पुढच्या पिढ्यांत जनुक कदाचित संपूनही जाईल. त्याच वीस कुटुंबांत सहा वाहक असतील, तर दोनशे वर्षांनी त्या गावातील घरोघरी ते सापडेल. मोठ्या लोकसंख्येत असे चढ-उतार एकमेकांना झाकतात, लहान वस्तीत झाकत नाहीत. नाणे हजार वेळा उडवले तर छापा-काटा जवळपास सारखे येतात. चारच वेळा उडवले तर चारही छापे येऊ शकतात, तसेच हे.

चौथे कारण: सोयरीक आपसातच

आपल्याकडे लग्न बहुतेक जातीतच ठरते, त्यातही पोटजातीत आणि ओळखीच्या पाहुण्यांत. हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील वेगवेगळे समाज एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर आपसातच लग्न करण्याची प्रथा घट्ट झाली.

याचा परिणाम एका साध्या हिशेबाने कळतो. एका समाजात दर पाच जणांत एक वाहक आहे आणि लग्ने तपासणी न करता समाजातच होतात असे धरा. नवरा वाहक असण्याची शक्यता पाचात एक, बायको वाहक असण्याची पाचात एक. म्हणजे पंचवीस जोडप्यांत एक जोडपे असे, की दोघेही वाहक. त्यांच्या बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. एकूण दर १०० बाळांत सुमारे एक रुग्ण.

दुसऱ्या समाजात वाहक शंभरात एक आहे. तिथे दोघेही वाहक असलेले जोडपे १०,००० मध्ये एक आणि रुग्ण बाळ सुमारे ४०,००० मध्ये एक. वाहकांचे प्रमाण वीसपट कमी, पण रुग्ण ४०० पट कमी.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे. मुलाला सिकलचे जनुक आईकडून आले असेल, तर मामाची मुलगी वाहक असण्याची शक्यता यामुळेच चारात एक होते. नात्यात लग्न ठरत असेल, तर तपासणी टाळू नका.

पाचवे कारण: माणसांची ये-जा

माणसे जिथे जातात, तिथे त्यांची जनुके जातात. भारतातील सिकल जनुकाचा जो प्रकार आहे, तोच सौदी अरबस्तानच्या पूर्व भागातही सापडतो, म्हणून त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांबद्दल लिहिले. तेव्हापासून नागपूरचे नाव या आजाराच्या अभ्यासाशी जोडलेले आहे.

आज गडचिरोलीचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, भंडाऱ्याची मुलगी मुंबईत शिकते, कोणी अमेरिकेत स्थायिक होते. त्यामुळे “आम्ही शहरात राहतो, आम्हाला काय होणार” हे म्हणणे चुकीचे आहे. गाव सुटले म्हणून जनुक सुटत नाही.

फाळणीनंतर नागपुरात स्थायिक झालेल्या सिंधी समाजाचे उदाहरणही पाहा. त्या समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. थॅलेसेमियाचे जनुकही मलेरियामुळेच टिकून राहिले. म्हणजे जनुकांचा वारसा प्रत्येक समाजाला आहे, फक्त तो वेगवेगळा आहे. यात उच्च-नीच काही नाही.

मलेरिया कमी झाला, मग जनुक का जात नाही?

हा प्रश्न अनेक सुशिक्षित नातेवाईक विचारतात. फायदा गेला, तर तोटा देणारे जनुक नाहीसे व्हायला हवे. ते होईल, पण फार हळू.

कारण सिकलची बहुतेक जनुके रुग्णांमध्ये नसून निरोगी वाहकांमध्ये असतात. १०० जणांच्या गावात ८१ एए, १८ एएस आणि १ एसएस आहे असे समजा. सिकलच्या एकूण प्रती २०. त्यातल्या १८ वाहकांकडे आणि फक्त २ रुग्णाकडे. एकाही रुग्णाला मूल झाले नाही, तरी पुढच्या पिढीत जनुकाचे प्रमाण १० टक्क्यांवरून जेमतेम ९.१ टक्क्यांवर येईल.

म्हणून निसर्ग हे काम आपल्यासाठी लवकर करणार नाही. वाहकांना लग्नापासून दूर ठेवणे हाही उपाय नाही. तो अन्याय आहे आणि त्याची गरजही नाही. वाहकाने लग्न करावे, मुले होऊ द्यावीत. फक्त जोडीदाराचा रिपोर्ट माहीत असावा.

मग दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. एसएस बाळाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेली असते. एकट्या सुनेकडून हा आजार येऊच शकत नाही. “तुमच्या मुलीने आमच्या घरात आजार आणला” असे म्हणणाऱ्या कुटुंबाने आधी स्वतःच्या मुलाचा रिपोर्ट पाहावा.

आणि ज्या जनुकामुळे आज लेकराला त्रास होतो आहे, त्याच जनुकाची एक प्रत असल्यामुळे कदाचित आपले कोणीतरी पूर्वज तापाच्या साथीतून वाचले होते.

लग्नाआधी काय करावे?

पत्रिका पाहायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. सिकलसेलचा रिपोर्ट मात्र पाहायलाच हवा. सोयरीक पक्की होण्याआधी, शक्यतो कॉलेजच्या वयातच तपासणी करून ठेवावी. साखरपुड्यानंतर रिपोर्ट आला, तर दोन्ही घरांवर ताण येतो.

रिपोर्ट कसा वाचायचा ते पाहा. प्रत्येक गरोदरपणात शक्यता अशी असते:

- एए आणि एए: मुलांना धोका नाही.
- एए आणि एएस: एकही मूल रुग्ण नसेल. मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. हे लग्न करायला हरकत नाही.
- एएस आणि एएस: रुग्ण २५ टक्के, वाहक ५० टक्के, सामान्य २५ टक्के.
- एए आणि एसएस: सगळी मुले वाहक, रुग्ण एकही नाही.
- एएस आणि एसएस: रुग्ण ५० टक्के, वाहक ५० टक्के.

२५ टक्के म्हणजे “पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली” असे नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते.

तपासणीबद्दल काही गोष्टी लक्षात ठेवा:

- सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक तपासणी आहे. त्यातून वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.
- एचपीएलसीमध्ये थॅलेसेमियाचा वाहकही ओळखता येतो. एक जोडीदार सिकल वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमिया वाहक असेल, तरीही बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.
- सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात सोल्युबिलिटी टेस्टवर विसंबू नये.
- गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते आधी सांगा. नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो.

दोघेही वाहक आहेत आणि लग्न झालेले आहे, तर घाबरू नका. गर्भधारणेच्या आधी किंवा दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना भेटा. साधारण ११-१२ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा असतो. डॉक्टरांनी माहिती द्यावी आणि नातेवाइकांनी दबाव टाकू नये.

घरात रुग्ण असेल तर

आजार जनुकीय आहे म्हणजे उपाय नाही असे नाही. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. आपल्या मुलांना कमी मात्राही उपयोगी पडते, हे नागपूरच्या डॉक्टरांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यायची असते. मनाने सुरू किंवा बंद करू नका.

रोज भरपूर पाणी प्यावे. नागपूरच्या मे महिन्यात हे जास्तच महत्त्वाचे आहे. कडाक्याची थंडी आणि अति दमणे टाळावे. फॉलिक अ‍ॅसिड आणि न्यूमोकोकल लस याबद्दल डॉक्टरांना विचारा.

खालीलपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा:

- १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप
- छातीत दुखणे किंवा धाप लागणे
- हात-पाय अचानक लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे
- मूल एकाएकी पांढरेफटक पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा येणे
- नेहमीच्या गोळीने न थांबणारी वेदना
- लिंगाला दीर्घकाळ वेदनादायक ताठरता

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्राबद्दल शासकीय रुग्णालयात चौकशी करा.

शेवटी

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. बाधित भागातील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. नागपूरमध्ये तर याआधीपासून रुग्णांसाठी झटणारी माणसे होती. त्यांपैकी संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या मोहिमेत आपला वाटा छोटा आहे. गावात, कॉलेजमध्ये किंवा आरोग्य केंद्रात तपासणी असेल, तर रक्त द्या. रिपोर्ट जपून ठेवा. घरात एक वाहक सापडला, तर भाऊ, बहीण, काका, मामा, मावशी यांनाही सांगा, कारण तेच जनुक त्यांच्याकडेही असू शकते. आणि रिपोर्टवर ‘एएस’ लिहून आले, तर तो आजार समजू नका आणि लपवूही नका. लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा तोच रिपोर्ट समोर ठेवा आणि समोरच्यांचाही मागून घ्या.